शनी वक्री असताना

बाबा म्हणायचे, ग्रह काही करत नाहीत, नुसते दाखवतात. एवढं बोलून माझ्याकडे असे बघायचे, जणू माझं तोंडच बंद केलं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही, हे दरवर्षी नव्या मुलांना सांगून माझा घसा बसतो. आणि घरी दीक्षितपुऱ्यात आले की माझंच वाक्य मला ऐकवलं जायचं. भयंकर राग यायचा.

बाबा डिफेन्सच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. जन्मभर मापाचं गेज लावून यंत्रांचे तुकडे तपासले. निवृत्तीनंतर हात रिकामे झाले आणि घरात एक लांबलचक वही आली. तीन रकाने आखलेले: तारीख, ग्रहस्थिती, घटना. शनी वक्री, स्कूटर घसरली. शनी वक्री, पाण्याची मोटर जळली. शनी वक्री, कुंडमच्या रस्त्यावर बस बंद पडली, नात्यातलं लग्न चुकलं.

"शनी वक्री होता आणि काहीच झालं नाही, असे दिवस कुठे आहेत?" मी एकदा विचारलं.

"जे झालंच नाही ते काहून लिहू?"

फॅक्टरीत नुसते बाद तुकडे बघून हाच माणूस अख्खा लॉट नापास करायला कधी तयार झाला नसता. तेही मी बोलून दाखवलं. मग दोन दिवस अबोला.

तोवर हे चहाबरोबरचं भांडण होतं. मग आईच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. औषधाच्या थेंबांनी डोळ्यातला दाब उतरेना. गढा भागातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माताजी, ऑपरेशन इसी हफ्ते करवा लीजिए. जो नज़र गई, वो वापस नहीं आएगी." गुरुवारची तारीख मिळाली.

घरी आल्या आल्या बाबांनी आईची पत्रिका काढली. शनी अष्टमात, तोही वक्री. मार्गी व्हायला दोन महिने.

"दोन महिने थांबू. डोळ्याचं काम आहे."

"बाबा, ग्रह नुसते दाखवतात ना?"

"हो."

"मग तारीख बदलून काय होणार? फॅक्टरीचा भोंगा झाला की आई तुमच्यासाठी कुकर लावायची. एखाद्या दिवशी भोंगा उशिरा झाला, तर तुम्हाला भूक उशिरा लागायची का?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"तू वाद करून राहिली. मी तुझ्या आईचा विचार करून राहिलो."

हे वाक्य आलं की आमच्या घरात पुढे बोलायची सोय नसते. मी आईकडे पाहिलं. ती पदरानं डोळा टिपत म्हणाली, "चलो, दोन महिन्यांनी काय होते. घरात कटकट नको." मला दोघांचीही इतकी चीड आली की म्हटलं, करा काय करायचं ते. आतल्या खोलीत जाऊन मी दवाखान्यात फोन लावला आणि दोन महिन्यांनंतरची तारीख मागून घेतली.

शनी मार्गी झाला. ऑपरेशन उत्तम झालं, दाबही उतरला. पण डोळा तोवर गेला होता. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. जेवताना ताटातल्या चटणीसाठी आईला मान वळवावी लागते. ती कुणाला काही म्हणत नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

परवा ती वही टेबलावर उघडी दिसली. बाबांच्या टपोऱ्या अक्षरात नवी ओळ होती. शनी वक्री, अष्टमात. हिची डावी नजर गेली. खाली लाल पेनानं दोन रेघा.

म्हणजे हाही एक पुरावा झाला होता. मी वही उचलून बाबांपुढे आपटली.

"यात एक रकाना कमी आहे," मी म्हटलं. "आपण काय केलं, त्याचा. लिहा, ऑपरेशन कुणी लांबवलं ते."

बाबांनी चष्मा लावला. पट्टी घेऊन कडेला सरळ एक रेघ मारली, चौथा रकाना आखला. मग पेन माझ्याकडे सरकवलं.

"फोन तू केला होता," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, टोमणाही नव्हता. इन्स्पेक्शनची नोंद सांगावी तसं सांगितलं, आणि नोंद बरोबर होती.