फ्रेमचा फोटो

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बेळगावला ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी मी त्यांना निपाणीच्या स्टुडिओत नेलं आणि त्यांच्यादेखत बोलून बसलो, "मोठा काढा, फ्रेमचा."

आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा मोठा फोटो काढतात तो पुढं हार घालायलाच. ते आप्पांनाही ठाऊक. आणि मी त्याच भीतीनं आलो होतो.

फोटोवाले अण्णा कधी 'हसा' म्हणत नाहीत. गिऱ्हाइकाच्या गालाशी पालथा हात धरून सावली बघतात आणि पांढऱ्या छत्रीतला दिवा बोटभर सरकवतात. आज हात धरला आणि आप्पांच्या डोळ्यांत बघत तसेच थांबले. मग मागचा निळा पडदा गुंडाळून त्यांनी बागेचा खाली सोडला आणि दुसरं स्टूल आणून आप्पांना खेटून ठेवलं.

"बसा की तुमीबी," मला म्हणाले. "दोघांचा काढूया."

मी बसलो. दिवा तोंडावर आला. आप्पांनी माझ्याकडं वळून नीट बघितलं.

"अण्णा, एकट्याचा काढायचाच तर ह्याचा काढा. ऑपरेशन माझं हाय, आन् मेल्यावानी तोंड ह्याचं झालंय."