न वाचलेली चौथी मागणी

ऐंशीच्या दशकात भिवंडीतल्या एका कारखान्यात मी लूम चालवायचो आणि आमच्या युनियनचा चिटणीसही होतो. अक्षर बरं म्हणून मागण्यांचा कागद मीच लिहायचो.

लूमच्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायला सात-आठ बायका होत्या. त्यांतली सगळ्यांत वयस्कर राहनाळहून चालत यायची. तिला सगळे मावशी म्हणायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, तुमच्या कागदात आमचं बी एक लिव. बायकांना संडास न्हाय. शिफ्ट सुटंपर्यंत पान्याचा घोट घेत न्हाय आमी. दोघींना उन्हाळी लागलीय."

मी चौथ्या नंबरावर लिहिलं.

बोलणी मालकाच्या केबिनमध्ये झाली. मालक, त्याचा मॅनेजर आणि युनियनचे आम्ही तिघं. पहिल्या तीन मागण्या मी खणखणीत वाचल्या. चौथीवर नजर गेली आणि जीभच वळेना. पुरुषांच्या बैठकीत हे कसं बोलायचं? मी सरळ पाचवी वाचली. आमच्या घरी, वडिलांच्या तोंडून, रोज समतेच्या गोष्टी ऐकत मी वाढलो होतो.

बाहेर मावशी थांबली होती. "आमचं काय झालं रं?"

"मालक नाही म्हणाला."

"बरं," म्हणून ती कामाला गेली.

दोन दिवसांनी सकाळी सगळ्या कांडीवाल्या फाटकाबाहेर बसल्या. आत भरलेल्या कांड्या संपल्या तसे लूम एकेक करून थांबले. मालक तणतणत बाहेर आला, मागोमाग आम्हीही. मावशी उठून म्हणाली, "संडासाला न्हाय बोललात ना शेठ? मग आमीबी न्हाय."

"मैंने कब ना बोला? ये बात मेरे सामने आई ही नहीं!"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी फाटकाकडे बघत राहिलो. मग ती मालकाला म्हणाली, "तर आता आली."

महिन्याभरात संडास बांधून झाला. युनियनच्या सभेत ते माझं यश म्हणून सांगितलं गेलं आणि मला हार घातला. माईक हातात होता. दोन वाक्यं पुरली असती. मी आभार मानून खाली बसलो. मागच्या रांगेत बायका टाळ्या वाजवत होत्या.

नव्वद सालानंतर, मावशीनं काम सोडल्यावर, ती मला कोन गावच्या नाक्यावर भेटली. इतकी वर्षं आत दाबलेलं मी भडाभडा बोलून टाकलं. "मावशी, तेव्हा मी ते वाचलंच नव्हतं."

"म्हाईत हाय. त्या दिशीच कळलं. पन का रं न्हाय वाचलास?"

"लाज वाटली."

ती म्हणाली, "आन मला तुला सांगताना वाटली नसंल?"