न आलेले नारळ

मामांच्या ओसरीत नारळांची रास असे. देवळात एवढे नारळ दिसत नाहीत, कारण तिथले लोक फोडून खातात. मामा फोडू देत नसत. कावीळ उतरलेल्या माणसाने आणून ठेवलेला नारळ म्हणजे त्यांच्या मते दाखला, आणि दाखला कोणी खातं का? काही नारळ आतून सुकून खुळखुळत, काहींना वास मारी. मामी त्यांच्यावर गोणपाट टाकायची आणि पाहुणा आला की मामा ते ओढून काढायचे.

नात्याने ते फक्त माझे मामा, पण आसपासच्या वीस गावांत सगळे त्यांना कावीळमामाच म्हणत. औषध रविवारीच, तेही अनशापोटी. एक मुळी ताकात उगाळून पाजायची, हातांना कसल्याशा सालीचा रस चोळायचा आणि मग ते चुन्याच्या पाण्यात धुवायचे. पाणी पिवळंधमक व्हायचं. मामा ती परात बसलेल्या प्रत्येकाच्या नाकाखालून फिरवत. ‘निघाली बगा,’ म्हणत. एकदा मी माझेच हात पुढे केले. मला कावीळ नव्हती, पाणी मात्र तितकंच पिवळं झालं. मामा जराही गडबडले नाहीत. म्हणाले, ‘मंजी तुलाबी होती. तुला कळली न्हाई.’

ते पैसा घेत नसत. पैसा घेतला की मुळीचा गुण जातो, अशी समजूत. लबाड असते तर फार बरं झालं असतं, लबाडाशी भांडता तरी येतं. हे गृहस्थ रोग्याला स्वतःच्या घरचं ताक पाजत, उकळलेलं पाणी पी आणि निजून राहा असं बजावत आणि परतीच्या जीपपर्यंत सोडायला जात.

मी केजला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. साधी कावीळ घाण पाण्यातून येते आणि बहुतेकांची विश्रांतीने आपोआप जाते, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! मुळी न घेतलेलेही बरे होतात, मग मुळीचं कर्तृत्व कोणतं? मामा शांतपणे राशीकडे बोट दाखवत. ‘गुण आला नसता तर नारळ आला असता का बे?’

मला राग यायचा, पण माझा तोरा तरी कशाचा होता? करोनात गावोगाव काढ्यांनी घसे जळाले. पुण्याचा आमचा इंजिनिअर जावई मामांकडे फोनवर मुळी मागू लागला. मामांनीच त्याला कळवलं की मुळी काविळीची आहे, भलत्या रोगाला देणार नाही. मी मात्र झिंकच्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या रोज गिळत होतो. मलाही करोना झाला आणि हलक्यावर गेला, तेव्हा लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला त्या गोळ्यांची नावं लिहून दिली. माझाही नारळ मी असा ठेवून मोकळा झालो.

मग मामांच्या सुनेचे, रेखाचे, डोळे पिवळे झाले. तिला सातवा महिना होता. बुधवारी घरच्यांच्या लक्षात आलं आणि मामांनी रविवारी औषध देतो म्हणून सांगितलं. मला शुक्रवारी कळलं. मी जाऊन रक्त घेतलं, तपासलं आणि रिपोर्ट घेऊन तसाच परत गेलो. पोटुशा बाईला ही कावीळ जिवावर बेतू शकते, आत्ताच्या आत्ता अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात न्या, असं घसा फोडून सांगितलं. मामी रडायला लागली. रेखाचा नवरा विलास बापासमोर कधी बोललाच नव्हता, तो उठून बाहेर गेला. मामा म्हणाले, दोन दिवसांचा प्रश्न आहे. मी रात्री तिथेच राहिलो.

शनिवारी सकाळी किसन धनगर आला. खतासाठी मामांच्या रानात मेंढरं बसवायची बोलणी करायची होती. चहा होईपर्यंत मामांनी त्याची थट्टा काढली.

‘मागल्या साली बायकोला औषधाला आणलतंस. नारळ कावून आणला न्हाईस?’

किसन म्हणाला, ‘मामा, ती त्याच हप्त्यात गेली. तुमाला वाईट वाटंल मनून सांगितलं न्हाई.’

आमच्या लोकांची ही रीत आहे. गुण आला तर नारळ घेऊन जायचं. नाही आला, तर ज्याने फुकट औषध दिलं त्याच्या दारात जाऊन त्याला अपराधी करायचं नाही. एवढ्या सभ्य लोकांत खोटं औषध शंभर वर्षं चालेल. मामांनी विचारलं, ती आजारी कधी पडली होती? किसन म्हणाला, ‘सोमवारी. रविवारची वाट बगत होतो.’

मामा चहा न पिता उठले आणि स्वतः जाऊन जीप घेऊन आले.

रेखा वाचली. बाळ गेलं. बुधवारीच नेली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. रेखा घरी आली त्या आठवड्यात तिची आई नारळ घेऊन ओसरीवर हजर! मामांच्या हाताला गुण आहे म्हणून पोरगी वाचली, म्हणे. मुळीचा थेंबसुद्धा रेखाच्या पोटात गेला नव्हता, तरी नारळ आलाच. मामा त्या नारळाला हात न लावता आत निघून गेले.

त्यांनी औषध बंद केलं. रास रानात खड्डा करून पुरली. मग जीपने, पायी, आठवेल त्या गावी जाऊन ते नारळ न आणणाऱ्यांची घरं धुंडाळू लागले. दोन-अडीच महिन्यांनी लॅबमध्ये येऊन माझ्यासमोर बसले. बरेच जण धडधाकट निघाले होते, नुसते विसरले होते. किसनचं धरून चार घरांत माणूस गेलं होतं.

‘बरे झालेल्यांचं मला म्हाईत न्हाई,’ मामा म्हणाले. ‘पर ह्या चौघांना रविवारपतुर मीच बसवून ठेवलं. मी मेल्यावर लोक चांगलंच बोलतील. तवा तू खरं सांग.’

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. ते गेले याचं मला फार वाईट वाटतं, आणि त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. दहाव्याला माणूस लोटलं होतं. मामांच्या हाताला लई गुण होता, असं जो तो सांगत होता. मी बोलायला उठलोसुद्धा. समोर किसन बसला होता आणि तोही मान डोलावत होता. मामीकडे बघितलं. तिला वाईट वाटेल म्हणून मी खाली बसलो.

तेव्हा गप्प बसलो, म्हणून आता लिहितो आहे. किसनच्या बायकोचं नाव सखूबाई. ती सोमवारी आजारी पडली आणि रविवारपर्यंत तिला घरातच ठेवलं होतं.