कपाटातले हातमोजे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. हे घडलं तेव्हा बायको जाऊन वर्ष उलटलं होतं—आणि घरात उरलं होतं कोण? मी आणि शेरू. शेरू म्हणजे माझा कुत्रा.

रेबीजची लस त्याला मी न चुकता द्यायचो, कारण तिचा दाखला सोसायटी मागते. उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोचीही दरवर्षी द्या, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तिचा दाखला कोण मागतं? ती मी टाळली. चौथ्या मजल्यावर उंदीर कुठून येणार?

मग पावसाळ्यात खाडीचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं. शेरू त्यात डुंबला, ते पाणी प्यायला. मी कौतुकानं बघत होतो.

पुढे त्यानं अन्न सोडलं. डोळे पिवळे पडले. डॉक्टर म्हणाले, लेप्टोच आहे. याच्या लघवीतून माणसालाही होतो—हातमोज्यांशिवाय पुसू नका, घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगा.

घरात येणारी एकच होती—मंगल. पलीकडच्या नवागाम वस्तीतून कामाला यायची, माहेर धुळ्याकडचं. भांडी घासून बोटांना कायम चिरा पडलेल्या. "काका, तुमना शेरू तं मना नवऱ्यापेक्षा लाडका शे," म्हणून हसायची. त्या दिवशी तिनं विचारलं, "याले काय व्हयनं?"

"पोट बिघडलंय," मी म्हणालो.

खरं सांगितलं असतं तर ती आलीच नसती—मग फरशी कुणी पुसली असती? हातमोजे मी आणले होते. ती असेपर्यंत कपाटात ठेवायचो. ती गेली, की घालायचो.

मंगलला ताप आला. पोटऱ्या ठणकतात, फोनवर म्हणाली. मला नाव माहीत होतं त्या तापाचं. तरी म्हणालो, व्हायरल असेल, पडून राहा.

तिला इस्पितळात नेलं तेव्हा मीही गेलो. तिचेही डोळे पिवळे झाले होते. डॉक्टरांनी विचारलं, कामाच्या ठिकाणी जनावर आहे का? तिचा नवरा भिकन माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "माझा कुत्रा ठणठणीत आहे. सगळ्या लसी झाल्यात. यांच्याच गल्लीत पाणी तुंबतं—उंदीर आहेत."

मंगल वाचली नाही. शेरू वाचला, त्याला औषध वेळेवर मिळालं होतं.

भिकन अजून भेटतो. मोरीतलं उंदराचं बीळ आधीच बुजवलं असतं तर ती राहिली असती, म्हणतो—दर वेळी. मी त्याच्या पाठीवर हात ठेवतो.

त्याच्या मोरीत उंदीर असतीलही. पण माझा कुत्रा आजारी होता, आणि ते मला माहीत होतं.