मामांचे तीन गुरू

सबंध जोयडा तालुक्यात माझ्या मामांइतका सावकाश माणूस दुसरा नाही, आणि इतरांना जो सावकाशपणा जन्मतःच फुकट मिळतो तो मामांनी तीन गुरूंच्या पायाशी बसून, अर्धं आयुष्य खर्चून मिळवला आहे. रामनगरची बस आमच्या नंदिगड्ड्यात थांबली की मामा आधी गुडघे सैल करतात, मग श्वास घेतात, मग उजवा पाय असा उचलतात की जणू जमिनीचा निरोप घेताहेत. "मामा, बेगीन चढा की! रामनगर गाठायचंय मला," कंडक्टर ओरडतो. मामा शांतपणे म्हणतात, "रामनगर कुठं पळून जातंय?" मामा ताई ची नावाचा संथ चिनी व्यायाम शिकवतात. हे गावात पहिल्यांदा कळलं तेव्हा शेजारच्या काकींनी काळजीनं विचारलं होतं, "कुणाच्या ताईची?"

तरुणपणी हेच मामा इतके तापट होते की आजोबांशी भांडून, जेवणाचं ताट तसंच टाकून गोव्याला गेले. तिथे एका हॉटेलात ते भांडी घासायला होते, आणि त्यांचे पहिले गुरू नूडल्स करायला. हे म्हातारे चिनी आचारी मूळचे कोलकात्याचे. ताई ची शिकवतो म्हणून त्यांनी मामांना वर्षभर मोरीमागे नुसतं उभं केलं. "झाडासारखा उभा राहा," एवढाच धडा. "झाडासारखंच ऱ्हायचं हुतं तर जंगल सोडून आलो कशाला?" असं मामा मनात म्हणत, पण उभे राहत. आचारी थकून काम सोडून कोलकात्याला परतले तेव्हा त्यांनी मामांना तिथल्या आपल्या मेव्हण्याच्या हवाली केलं. मेव्हण्याचं चपलांचं दुकान होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मावलं, "त्यानं शिकवलं ते सगळं विसर." विसरायला मामांना दोन वर्षं लागली. पुढे कळलं, मेव्हण्या-मेव्हण्यांचं जुनं भांडण होतं, विद्या एकच होती! तिसऱ्या गुरू मामांना पुढे पुण्यात भेटल्या, ताई चीचा वर्ग घेणाऱ्या एक निवृत्त नर्सबाई. मामांचे सगळे हातवारे पाहून त्या म्हणाल्या, "सुरेख! आता यात श्वासही घ्या." त्यांच्याकडे मामा नऊ वर्षं राहिले. बाई थकल्या तेव्हा आपला वर्ग त्यांनी मामांनाच द्यायचं ठरवलं.

त्याच पावसाळ्यात माझी आई खळ्यातल्या शेवाळावर घसरली. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, पण भीती आत बसली ती बसलीच. ती खाटेवरून उठेना. मामा दोन दिवसांसाठी म्हणून पुण्याहून आले आणि पाहतच राहिले.

"अक्का, ऊठ."

"न्हाई रे. पुन्यांदा पडले तर?"

"मी हाय न्हवं? एक पाय हलीव. घाई कुणाला हाय?"

पुण्याहून बाईंचा फोन आला, "कधी येताय?" मामा म्हणाले, "बाई, इथं एक शिष्या हाय. एकच हाय, पन लई भित्री." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग तिथेच राहा." पाच महिने मामा रोज सकाळी आईसमोर उलटं चालले, तिचे हात हातात धरून. शिमग्याच्या आधी आई कुणाचाही हात न धरता बांधापर्यंत गेली, आणि तिथूनच तिनं मामांना हाक मारली, "काय रे, मागं का ऱ्हायलास?"

आता आमच्या खळ्यात रोज सकाळी अकरा बायका हवेत हात फिरवतात. गुरं बघत उभी राहतात. गेल्या वर्षी पुण्याच्या बाई वारल्याचा फोन आला. फोन ठेवून मामा खळ्यात आले, पण त्यांचे हात उठेनात. तेव्हा आईनंच सुरुवात केली. मामा तिच्या मागे, तिचं बघून करू लागले, आणि त्या दिवशी दोघांनाही कसलीच घाई नव्हती.