लाडू टिकवायची पूड

आमच्या ग्वाल्हेरच्या घरानं फार विलीनीकरणं पाहिली. संस्थान गेलं तेव्हा मी लहान होते. मग मध्य भारत आला आणि वडिलांची कचेरी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर अशी फिरू लागली. दर खेपेला फायलींबरोबर वडीलही बांधले जायचे. छप्पन साली तो प्रांतही मोडला, राजधानी भोपाळला गेली आणि वडील तिकडचे झाले. "क्वार्टर मिळालं की तुम्हाला बोलावतो," म्हणून गेले. आईनं त्या एका वाक्यावर हिवाळा काढला.

आधी ते महिन्याकाठी यायचे, मग सणासुदीला, मग सणालाही नाही. आई बेसनाचे लाडू वळून डबा पाठवत राहिली. भोपाळला जाणारा कोणी ना कोणी मराठी कारकून निघायचाच. आमच्या कंपू मोहल्ल्यापासून स्टेशनापर्यंत डबा पोचवायचं काम माझं. वाटेत पडाव भागातली ती गर्दी, टांगेवाल्यांची ओरड, हातात जड डबा. मला त्याचा मनापासून वैताग होता. आता वय झालं, पण बेसन भाजल्याचा वास आला की अजून दमल्यासारखं होतं.

उन्हाळा लागला आणि वडिलांचा निरोप आला, लाडू खवट होतात, खाववत नाहीत, पाठवू नका. आईला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, तर ती खूशच झाली. तिला कारण सापडलं होतं. खवट लाडू खाऊन कोणाला घर आठवेल? चांगला लाडू रोज चहाबरोबर पोटात गेला तर माणूस आपणहून क्वार्टरच्या मागे लागेल, असा तिचा हिशेब. मला तो पटत नव्हता, पण आईपुढे शहाणपण चालत नसे.

माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, वनस्पती तुपाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. आई त्याच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी एका रविवारी तो कागदाच्या पुडीत पांढरी पूड घेऊन आला. परदेशातून कारखान्याकडे नमुना आला होता, त्यातली. तिचं नाव एवढं लांब होतं की मामाच अर्ध्यात थांबला आणि म्हणाला, "बीएचए म्हणतात. बस, एवढंच लक्षात ठेव."

"हे करतं काय?" आईनं विचारलं.

"तुपाला हवा लागून तूप खवटतं ना ताई, ते होऊ देत नाही. विलायतेत तोंडाला लावायच्या क्रीममध्येपण हेच टाकतात. पण ज्यादा नको. गरम तुपात जरासं विरघळव. आणि पहले से खवट झालेलं तूप याने सुधारत नाही, हां."

आईनं पुडी हुंगली. वास येईना, तेव्हा तिचा अर्धा विश्वास बसला. पण कारखान्यातली वस्तू नैवेद्याला कशी चालेल? म्हणून तिनं आधी देवाचे लाडू वेगळ्या तुपात वळले आणि मग वडिलांचे. मामा हसला. "देवाचं बरं आहे. तो लगेच खातो, त्याला पावडर लागत नाही."

पाटणकर बाजारातून नवं बेसन आणलं होतं, तूप घरी कढवलेलं. डबा गेला. त्यानंतर निरोप नाही, तक्रारही नाही. आई शेजारणींना सांगायची, "आता आवडतायत." आषाढ गेला, श्रावण गेला. क्वार्टरबद्दल अक्षर नव्हतं.

गणपतीच्या आधी वडिलांच्या कचेरीतले एक गृहस्थ आमचा डबा घेऊन दारात उभे राहिले. आईनं तो हातात घेतला आणि तिचा चेहरा उजळला. डबा जड होता. आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात, पण हे वजन साखरेचं नव्हतं. "पाहिलंस? काहीतरी पाठवलंय," ती मला म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवायला वळली.

"चाय वगैरे नको वहिनी, गाडी गाठायची आहे. भाऊसाहेब म्हणाले, लाडू मुलांना द्या. त्यांचं गोड खाणं होत नाही तिकडे, उगाच वाया जातील."

आई थांबली. मग अगदी सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "क्वार्टरचं काही झालं का हो?"

"क्वार्टर तर त्यांना केव्हाच भेटला. गर्मीतच. दोन खोल्या, आंगण, छान आहे." मग त्यांनाच काहीतरी उमगलं असावं. ते चपला घालून भराभर निघून गेले.

मला वडिलांचा इतका राग आला की रडूही येईना. आई खाली बसली, तिनं डब्याचं झाकण काढलं. लाडू तिनं रचले होते तसेच होते, वरच्या थरातले दोन-तीन काय ते कमी. तिनं एक फोडला, हुंगला, तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिली.

"खवट आहे?" मी विचारलं. हो म्हण, असं मनात म्हणत होते.

"नाही गं," आई म्हणाली. "अगदी कालचा वाटतो. खवट झाला असता तर बरं होतं."