मडीतला ड्रायर

कनकाबाईंच्या घरात सगळ्यांत सोवळं कोण, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच होतं: ड्रायर. देवांचा नंबर त्यानंतर. देवांना निदान कनकाबाईंचे यजमान राघोत्तमराव आंघोळ करून हात लावू शकत, ड्रायरला तेवढीही मुभा नव्हती.

तंजावरकडची ही मराठी माणसं सोवळ्याला मडी म्हणतात. नियम तसा सोपा आहे. न्हाऊन धुतलेलं वस्त्र कुणाचाही हात न लागता वाळलं पाहिजे, आणि श्राद्धाचा स्वयंपाक करायचा तो ते नेसूनच. त्यासाठी छताजवळ बांबू टांगलेला असतो, आणि काठीनं लुगडं उचलून त्यावर पसरायचं असतं. कनकाबाईंनी हे सेहेचाळीस वर्षं केलं. गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला आणि काठी कानाच्या वर जाईना. तेव्हा सासूबाईंच्या श्राद्धाला त्या ओलंच लुगडं नेसून चुलीपुढे उभ्या राहिल्या, आणि पुढचे तीन आठवडे खोकत अंथरुणात पडल्या. शोळिंगनल्लूरला कंपनीत असलेली त्यांची मुलगी रंजनी धावत आली. पुन्हा ओलं नेसणार नाही अशी शपथ तिनं आईकडून घेतली आणि चार दिवसांत ड्रायर धाडला.

आधी कनकाबाईंनी त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच बसवून ठेवलं. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की हे यंत्र मोठं गुणाचं आहे. न्हाऊन आपल्या हातानं लुगडं आत टाकलं, दार लावलं, की कुणाची सावलीसुद्धा पडत नाही. बांबूवर निदान कावळा बसतो. त्यांनी ड्रायरला हळदीच्या पाण्यानं पुसलं, पुढ्यात कोलमची रांगोळी घातली आणि स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत त्याची स्थापना केली. त्या दिवसापासून न्हायल्याशिवाय कुणी त्याच्या चार हातांच्या आत यायचं नाही, पोटची रंजनीसुद्धा नाही; हात लावायचा तो फक्त कनकाबाईंनी. घरातलं सगळ्यांत महागडं यंत्र दिवसाकाठी एक लुगडं, पूजेचं एक धोतर आणि दोन पंचे वाळवून उरलेला वेळ विश्रांती घेऊ लागलं.

राघोत्तमरावांचे रोजचे कपडे त्यात जात नसत, हे सांगायला नकोच. गुम्मिडिपूंडीच्या एका खिळ्यांच्या कारखान्यात ते तीस वर्षं तपासनीस होते. स्वतः त्यांनी जन्मात एक खिळा ठोकला नसेल, पण लाखो खिळे नापास केले होते. घरी मात्र रोज सकाळी उंबऱ्यावर तेच नापास होत. त्यांची बनियनं हॉलमधल्या दोरीवर पंख्याखाली वाळत.

यंदा श्राद्ध शुक्रवारी होतं. मागच्या शुक्रवारपासून पावसानं जी संततधार धरली ती थांबायचं नाव घेईना. हॉलमधली दोरी ओल्या धुण्यानं वाकली आणि घराला कुबट वास येऊ लागला. त्यात मंगळवारी राघोत्तमरावांचं एक बनियन हरवलं. वाऱ्यानं उडालं असेल म्हणून त्यांनी खालच्या मजल्यापर्यंत शोध घेतला. आणि बुधवारी ड्रायर बिघडला. फिरत होता, घरघरत होता, पण तासाभरानं लुगडं बाहेर काढलं तर जसंच्या तसं गार.

श्राद्धाच्या स्वयंपाकाला रेशीम चालत नाही, निदान कनकाबाईंच्या सासूबाईंना चालत नसे. ओलं नेसायचं नाही ही शपथ. बांबूवर हात पोचत नाही, आणि पोचला असता तरी या हवेत सुती लुगडं आठवड्यात वाळलं नसतं. थोडक्यात, ड्रायर चालला तर कनकाबाई रांधणार, नाहीतर नाही.

"कनके, स्वयंपाकी राजगोपालाला सांगून ठेवलों आहें," राघोत्तमराव हॉलमधून म्हणाले. "शुक्रवारीं सहाला येतो म्हणाला. असकं रांधणं तोच करील."

"माझ्या चुलीवर? सासूबाईंच्या पानाला?" कनकाबाईंचा आवाज चिरला. "मी असतां दुसरा कोण्ही रांधायचा, तर मी कशाला आहें या घरांत?"

त्यांना खरंच भीती वाटली. एकदा चूल दुसऱ्याच्या हाती गेली की ती परत येत नाही, हे त्यांनी आपल्याच दोन जावांच्या घरी पाहिलं होतं.

गुरुवारी सकाळी मुरली आला. हा ड्रायर-वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा, वेळाचेरीहून स्कूटरनं येणारा. त्यांचं बोलणं तमिळमध्ये झालं, मी इथं मराठीत सांगतोय एवढंच.

"मामी, बूट काढून येऊ आत?"

"बुटाचं नाही रे. डोक्यावरून पाणी घ्यावं लागतं, मगच त्याच्याजवळ जायचं."

मुरलीच्या केसांतून, नाकावरून, कोपरांवरून पाणी निथळत होतं. "वेळाचेरीपासून डोक्यावरून पाणी घेतच आलोय, मामी."

"ते नाही चालत. वाटेत हॉटेलं लागतात."

मुरलीनं राघोत्तमरावांकडे पाहिलं. राघोत्तमरावांनी छताकडे पाहिलं.

शेवटी तोडगा कनकाबाईंनीच काढला. धुण्याच्या जागेची खिडकी बाहेरच्या सामायिक व्हरांड्यात उघडत असे. मुरलीनं व्हरांड्यात उभं राहून गजांतून सांगायचं आणि कनकाबाईंनी आत करायचं. स्क्रूड्रायव्हर त्यांनी चिंचेच्या पाण्यानं देवाच्या समईसारखा घासून घेतला. वीज तपासायचा मीटर धुता येईना, तेव्हा तो जुन्या रेशमी खणात गुंडाळला, कारण रेशमाला विटाळ नसतो. मुरलीला यातलं काही कळलं नाही, पण मीटर पडून फुटणार नाही एवढं कळलं.

"प्लग काढला, मामी?"

"काढला."

"मागचा पत्रा. सहा स्क्रू आहेत. हरवू नका."

हरवतात कसले! कनकाबाईंनी मिसळणाचा रिकामा डबा घासूनच ठेवला होता. प्रत्येक स्क्रू एकेका वाटीत गेला. काम कमरेच्या खाली होतं, त्यामुळे खांद्याची तक्रार नव्हती. हात असा भराभर चालत होता की मुरली गजांना नाक लावून बघत राहिला.

"आता हीटरच्या दोन टोकांना मीटरच्या दोन काड्या लावा. पीं वाजलं तर हीटर चांगला."

पीं वाजलं.

"त्याच्या शेजारी पांढरं बटणासारखं आहे ना, तो फ्यूज. त्याला लावा."

कनकाबाईंनी काड्या लावल्या. पुन्हा लावल्या. "हा बोलत नाही रे."

"मग तोच गेला. हा घ्या नवा."

नवा फ्यूज खिडकीच्या कट्ट्यावर आला, आणि कनकाबाई त्याच्याकडे बघत थांबल्या. कारखाना, दुकान, मुरलीचा खिसा, इतका प्रवास करून आलेली वस्तू. त्यांनी तांब्या उचलला.

"मामी! पाणी नको! पाणी लागलं की मेला तो!"

तांब्या हातातच राहिला. श्राद्ध चालवणाऱ्या शास्त्रीबुवांना फोन करावा तर ते दुसऱ्या गावी श्राद्धाला बसलेले, फोन घेणार कसे? कनकाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच निर्णय दिला. "याचं काम काय? विस्तवाशेजारी बसायचं. जो रोज अग्नीजवळ बसणार त्याला कसला विटाळ?" आणि त्यांनी तो खणाच्या टोकानं उचलून टक्कन जागेवर बसवला.

त्या प्लग लावायला वळणार तोच मुरली ओरडला, "थांबा! फ्यूज उगाच जात नाही. आतली गरम हवा कोंडली म्हणून गेलाय. तसाच चालू केला तर हाही जाईल, आणि माझ्याकडे एवढा एकच आहे. जाळी साफ करता का?"

"रोज. त्यातल्या कापसाच्या मी वाती वळते."

"मग नळी. हवा बाहेर जायची नळी तुंबलीय."

ती जाड नळी ड्रायरमागून वर चढून खिडकीच्या वरच्या भोकातून व्हरांड्यात निघत असे. कनकाबाईंचा हात तिथवर जाणं शक्य नव्हतं. त्यांनी दुसरा निर्णय दिला: मोरीतून गेलेलं पाणी जसं आपलं राहत नाही, तसं नळीचं बाहेरचं तोंडही मडीत येत नाही. मुरलीनं चढायला हरकत नाही.

पण मुरली स्टुलावर पाय ठेवतो न ठेवतो तोच राघोत्तमराव व्हरांड्यात धावत आले. "तू नको, मी बघतो, मी बघतो," करत त्यांनी त्याला बाजूला सारलं. आपल्या माहितीत जन्मात कधी स्टुलावर न चढलेला माणूस एवढ्या उत्साहानं का चढतोय, हे कनकाबाईंना गजांआडून काही उमगेना. राघोत्तमरावांनी नळीत कोपरापर्यंत हात घातला आणि काहीतरी ओढून पटकन पाठीमागे लपवलं.

"काय तें?"

"कांहीं नाहीं."

"दाखवा."

ते बनियन होतं. मंगळवारी वाऱ्यानं उडालेलं. कडेनं तांबूस भाजलेलं, आणि कोरडं खडखडीत.

राघोत्तमराव स्टुलावरच उभे राहून बोलले. "काय करूं? चार दिवस ओलं घालून अंगाला खाज सुटली. इथें चढून नळीच्या तोंडाशीं धरलं कीं दहा मिनिटांत वाळायचं. मंगळवारीं तिथेंच अडकवून पेपर आणायला गेलों, परत आलों तर दिसेना. उडालं म्हणून समजलों. यंत्र थांबल्यावर वाऱ्यानं आंत गेलं असेल हें मला तरी काय माहीत?"

"म्हणजे वाट बंद होती, म्हणून गरम हवा सगळी परत आत..." मुरली समजावून सांगू लागला. राघोत्तमरावांनी डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

परत आत! बनियनाला लागून आलेली हवा मडीत! कनकाबाईंनी ड्रायरच्या माथ्यावर हात टेकला. असं असेल तर यंत्र बाटलं, लुगडं बाटलं, आणि शुद्धीला वेळ कुठला? उद्या सहाला राजगोपाल येणार.

त्यांनी तो मेलेला फ्यूज उचलून निरखला. मग म्हणाल्या, "परत येणार होती. पण यानं येऊं दिली नाहीं. आपण मेला आणि यंत्र राखलं." हा तिसरा निर्णय. यावर अपील नव्हतं. त्यांनी जुना फ्यूज तुळशीच्या कुंडीत पुरला आणि वर पळीभर पाणी सोडलं. मुरलीनंही का कोण जाणे हात जोडले.

ड्रायर चालू झाला. तासाभरानं लुगडं कढत बाहेर आलं. राजगोपालाला फोन गेला की येऊ नको. शुक्रवारी सासूबाईंच्या पानाला सगळं कनकाबाईंच्या हातचं होतं, आणि शास्त्रीबुवांनी खीर तीनदा मागून घेतली.

पण कनकाबाईंना राहून राहून लाज वाटत होती. एक लुगडं फिरवत त्यांनी यंत्र वर्षभर पुजलं, आणि घरचा माणूस भोकाशी बनियन धरून उभा राहत होता. त्यानं एकदा मागायला हवं होतं. आणि मागितलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी हॉलमधल्या दोरीवरची तिन्ही बनियनं काठीनं ओढून घेतली, स्वतःच्या हातानं पुन्हा धुतली, इकडे तिकडे पाहिलं आणि ड्रायरमध्ये टाकून दार लावलं. यंत्राला पुन्हा हळदीच्या पाण्यानं पुसायचं ते उद्या बघता येईल. अर्ध्या तासानं त्यांनी हाक मारली आणि उंबऱ्यावरूनच एक बनियन पुढे केलं.

राघोत्तमरावांनी ते या हातातून त्या हातात घेतलं, कारण पोळत होतं. मग अंगात चढवलं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि ते डोळे मिटून नुसते उभे राहिले. पाठीवर बनियन दुमडलं होतं. ते सरळ करायला कनकाबाईंनी हात पुढे केला.

"हां, हां!" राघोत्तमराव झटकन मागे सरले. "शिवूं नको. मी मडींत आहें."

आणि सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कनकाबाई दोन पावलं मागे सरकल्या.